शॉवरचा जोर

तपासनिसांच्या घरातला पॉवर शॉवर गेला तो ऐन साबणात गेला. साबण अर्थातच तपासनिसांच्या अंगाला होता. भिंतीवरच्या त्याच्या पंपाच्या पांढऱ्या पेटीने आधी एक उचकी दिली, मग घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज काढला आणि त्यानंतर ती जी गप्प झाली ती झालीच. तपासनिसांनी मिटल्या डोळ्यांनी, सवयीने, पेटीला एक चापट मारली. एरवी एका चापटीत ती शुद्धीवर यायची. या वेळी तिचं झाकण निघालं आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं.

"अहो, काय झालं?" बाहेरून बायकोने विचारलं.

"काही नाही," तपासनीस म्हणाले. डोळ्यांत साबण आणि अंगठ्यावर झाकण असताना माणूस याहून जास्त काय बोलणार?

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात सगळी नोकरी त्यांनी दुकानदारांचे तराजू आणि मापं तपासण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर खातं त्यांना विसरलं, पण बिल्डिंग विसरली नाही. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण त्यांना तपासनीसच म्हणे आणि त्यांनाही ते गोड वाटे. समोरच्या वस्तूत किती कमी आहे हे बघायची नजर त्यांना नोकरीने दिली होती आणि ती नजर काही पेन्शनीत निघाली नव्हती. कपात चहा किती कमी, दाराची फळी किती तिरकी, बोलणाऱ्याच्या बोलण्यात किती पाणी, हे ते न विचारता सांगत.

आता एका शॉवरचं एवढं काय घेऊन बसायचं, असं कोणालाही वाटेल. तपासनिसांना स्वतःला बादलीने आंघोळ करायला काही कमीपणा नव्हता. प्रश्न बायकोच्या खांद्याचा होता. तिचा उजवा खांदा आखडला होता आणि हात कानाच्या वर जात नव्हता. गोळ्या झाल्या, शेक झाले, रबराचे पट्टे ओढून झाले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी जोरात पाणी सोडणारा शॉवर आहे का. होता. मग रोज सकाळी त्या गरम पाण्याच्या माऱ्याखाली खांदा धरायचा आणि हात हळूहळू वर न्यायचा, असं ठरलं आणि खरंच गुण येऊ लागला. अशा वेळी पेटीने मान टाकली.

पहिल्या सकाळी तपासनीस स्टुलावर चढले आणि त्यांनी तांब्याने वरून धार धरली. धार खांद्यावर कमी आणि नाकात जास्त गेली. बायकोने तक्रार केली नाही. ती कधीच करत नसे आणि तपासनिसांना तीच मोठी पंचाईत वाटे, कारण तक्रार नसेल तर तपासायचं काय? मग केस बांधायची वेळ आली. अंबाडाही आता त्यांनाच घालावा लागणार होता. त्यांनी दोन्ही बाजूंनी लांबून बघत, अगदी मधोमध, काटेकोर अंबाडा घातला. तो बायको स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायच्या आत सुटला.

"नवा शॉवर आणायचा," तपासनीस म्हणाले. "या आठवड्यात."

ही बातमी जिन्यात कशी गेली कोण जाणे, पण दूधवाला यायच्या आत वरच्या मजल्यावरचे दोघे जण सल्ला घेऊन दारात उभे होते. एकाचं म्हणणं, शॉवर छतात बसवा, भिंतीत नको. दुसऱ्याचं म्हणणं, छतात बसवाल तर पस्तावाल, त्याच्या साडूने बसवला आणि आता तो साडू कोणाशी बोलत नाही. मग हे दोघे एकमेकांशीच वाद घालत खाली गेले. तपासनीस दार धरून तसेच उभे राहिले. आपल्या घरातल्या शॉवरविषयी आपल्यालाच कोणी विचारलं नाही, हे त्यांना जरा लागलं.

जुनी पेटी काढायला प्लंबर आला. हा प्लंबर नळाकडे दुखवट्याला आल्यासारखा बघे. त्याने पेटीभोवती हात फिरवला, मान हलवली आणि सुस्कारा सोडला.

"हे असं कोणी बसवलंय?"

"तुम्हीच," तपासनीस म्हणाले.

प्लंबरने पुन्हा निरखून पाहिलं. "तरीच. चांगलं बसवलंय म्हणून निघत नाहीये."

निघत नव्हती ती पेटी शेवटी निघाली, पण एकटी नाही. तिच्याबरोबर फरशा आल्या, फरशांबरोबर पलीकडचं प्लास्टर आलं आणि त्या गडबडीत आतल्या पाइपाचं तोंड मोडलं. पाणी असं उसळलं की तपासनीस क्षणभर खूशच झाले. एवढा जोर शॉवरला तरुणपणीही नव्हता. मग मुख्य चावी शोधली, ती गंजलेली निघाली, प्लंबर तिला लोंबकळला, तपासनीस प्लंबरला लोंबकळले आणि पाणी बंद होईपर्यंत बाथरूमचं पाणी उंबरा ओलांडून बाहेर आलं. बाहेर यायची वाट ज्याला ठाऊक आहे त्या पाण्याला खाली जायचीही ठाऊक असते. बाथरूमच्या खाली व्हायोलिनवाल्या बाईंचं घर होतं.

इथे तपासनिसांचा चेहरा खऱ्या अर्थाने पडला. कारण बाईंशी त्यांचं बोलणं नव्हतं. बाई घरी व्हायोलिनचे वर्ग घेत. शिकणारी सगळी मोठी, नोकरीधंद्याची माणसं, पण व्हायोलिन हे वाद्य शिकणाऱ्याच्या वयाला भीक घालत नाही. जो आवाज लहान मुलाच्या हातून निघतो तोच बँकेच्या मॅनेजरच्या हातूनही निघतो. तपासनिसांनी एकदा सोसायटीकडे लेखी तक्रार केली होती. बाईंनी त्यावर काही उत्तर दिलं नाही. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आले की तपासनीस विजेच्या मीटरकडे बघत आणि बाई आपल्या चपलांकडे.

"मी जाते खाली," बायको म्हणाली.

"नको. पाणी माझ्या पाइपातलं आहे," तपासनीस म्हणाले आणि ओल्या पँटने जिना उतरले. उतरताना त्यांनी बोलणं मनात जुळवलं. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, नुकसानीची पाहणी करून दुरुस्ती करून देण्यात येईल, इत्यादी. बाईंनी दार उघडलं. त्यांच्या एका हातात पातेलं होतं आणि हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटाशेजारी छतातून पाणी टपकत होतं.

"झाल्या प्रकाराबद्दल," तपासनिसांनी सुरुवात केली.

"वहिनींच्या खांद्याचं काय?" बाईंनी विचारलं.

तपासनिसांच्या जुळवलेल्या बोलण्यात या प्रश्नाला जागाच नव्हती.

"शॉवर गेला असं जिन्यात ऐकलं मी," बाई पातेलं थेंबाखाली ठेवत म्हणाल्या. "त्यांना रोज गरम पाणी हवं असतं ना? माझ्याकडे आहे तसलाच. उद्यापासून सकाळी त्यांना इकडे पाठवा. आणि तो बाजूचा गालिचा जरा ओढा माझ्याबरोबर, भिजेल."

तपासनिसांनी गालिचा ओढला. मग जुळवलेली दिलगिरी तशीच घेऊन ते वर आले.

दुसऱ्या दिवसापासून बायको टॉवेल आणि कपड्यांची पिशवी घेऊन सकाळी खाली जाऊ लागली. पहिल्यांदा ती लगेच परत आली. मग तिला उशीर होऊ लागला. ती परत येई तेव्हा गाल लाल झालेले असत, हात आदल्या दिवसापेक्षा थोडा वर जात असे आणि मानेवर घट्ट, सुबक अंबाडा असे.

"हा कोणी घातला?" तपासनिसांनी विचारलं.

"बाईंनी. मग चहा झाला. अहो, त्यांची थोरली बहीण होती तोवर दोघी सकाळचा चहा बरोबर घ्यायच्या. ती गेल्यापासून त्या उभ्या उभ्याच पितात म्हणे, ओट्याशी. मी म्हटलं, बसा की."

तपासनिसांनी अंबाडा बाजूने पाहिला, मागून पाहिला. त्यात कमी काही नव्हतं.

इकडे नव्या शॉवरच्या वाटेत मात्र एकेक धोंडा येत होता. पहिला धोंडा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. ते फाईल काखेत घेऊनच जन्माला आले असावेत. त्यांनी सांगितलं की शॉवर लावायला सोसायटीची हरकत नाही, पण पॉवर शॉवरमध्ये पंप असतो आणि पंप म्हटला की पाणीपुरवठा कार्यालयाची परवानगी लागते.

"जुन्याला कुठे घेतली होती?" तपासनिसांनी विचारलं.

"म्हणूनच तो बंद पडला असेल," सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले.

पाणीपुरवठा कार्यालयातल्या खिडकीपलीकडे चष्मा लावलेला एक शांत माणूस बसत असे. तपासनिसांनी स्वतः सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे ते रुबाबात गेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि आवाजात खात्याचं वजन. खिडकीवाल्याने अर्ज सावकाश वाचला. पंप विजेवर चालतो का, असं विचारलं. चालतो, म्हटल्यावर त्याने वीज कार्यालयात जायला सांगितलं. वीज कार्यालयाने पंप काय ओढतो असं विचारलं. पाणी, म्हटल्यावर त्यांनी परत पाणीपुरवठ्याकडे पाठवलं. दुसऱ्या खेपेला खिडकीवाल्याने अर्जावर बारीक अक्षरात शेरा मारला: 'अर्जदाराकडे स्नानाची अन्य सोय आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.'

"म्हणजे काय करू?" तपासनीस म्हणाले.

"खुलासा," खिडकीवाला म्हणाला.

असे शेरे तपासनिसांनी आयुष्यभर इतरांच्या कागदांवर मारले होते. मारून घेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. ते रुबाब खिशात घालून घरी आले.

दुसरा धोंडा मेहुण्याचा. तपासनिसांच्या मेहुण्याची सगळीकडे ओळख असते आणि त्या ओळखीतून येणारी वस्तू सहसा ओळखू येत नाही. "भाऊजी, दुकानातून घ्यायचा विचारही करू नका," तो म्हणाला. "आपला माणूस आहे. पाण्याचा असा फवारा बघितला नसेल तुम्ही." खोकं आलं. मेहुण्याने स्वतः, कौतुकाने, ते उघडलं. आतून एक खोलगट चिनी मातीचं भांडं निघालं. त्याच्या काठाला मान टेकवायची खाच होती आणि बाजूला बोटभर लांबीचा फवारा होता. सलूनमध्ये गिऱ्हाइकाला उताणं पाडून केस धुतात, ते हे.

तपासनिसांनी ते भांडं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं.

"ताईचे केस तरी धुता येतील," मेहुणा म्हणाला.

"आणि मी पाठीवर पडून आंघोळ करू?" तपासनिसांनी विचारलं. भांडं आल्या वाटेने परत गेलं. मेहुण्याने मात्र मनाला लावून घेतलं आणि मग स्वतः दुकानोदुकानी फिरून बरोबर शॉवर शोधून आणला, हेही इथे सांगायलाच हवं.

बाथरूम उखडलेलं होतं, त्यामुळे एव्हाना तपासनीस स्वतः स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी, पडदा लावून, अंग पुसण्यावर भागवत होते. खाली बाईंकडे जायला ते तयार नव्हते. ज्या घरातल्या आवाजाविरुद्ध आपण लेखी दिलं, त्या घरात साबण लावून कसं उभं राहायचं? पण एका उकाड्याच्या दिवशी बायको सकाळी त्यांच्या शेजारून गेली आणि तिने काही न बोलता खिडकी उघडली. तपासनीस समजले. पिशवी घेऊन ते खाली उतरले.

"या," बाई म्हणाल्या. "वर्ग सुरू व्हायच्या आत आटपा म्हणजे झालं. पिशवी त्या खुर्चीवर ठेवा, आत जमीन ओली असते."

तपासनीस टॉवेल घेऊन आत गेले आणि त्यांनी शॉवर सुरू केला. मोरीपाशी ओल्या फडक्याने दिवस काढलेल्या माणसाच्या पाठीवर गरम पाण्याचा तो मारा बसला मात्र, त्यांच्या तोंडातून 'अहाहा' असा शब्द निघून गेला. त्यांनी खांदे सैल सोडले. रोज सकाळी बायकोच्या वाट्याला हे येतं, आणि तेही जिच्याशी आपण बोलत नव्हतो तिच्यामुळे, हे त्यांच्या मनात आलं आणि पाण्याखाली ते जरा जास्तच वेळ उभे राहिले.

पाणी बंद केलं तेव्हा बाहेर व्हायोलिनं वाजत होती.

बाथरूमचं दार हॉलमध्ये उघडत होतं. कपडे हॉलमधल्या खुर्चीवर होते. तपासनिसांच्या अंगावर टॉवेल होता आणि तोही उन्हाळी, म्हणजे आखूड. वर्ग संपेपर्यंत थांबायचं त्यांनी ठरवलं. पण वर्ग संपायचं नाव घेईना. एकच ओळ, तीच तीच, पुन्हा पुन्हा. शेवटी त्यांनी दारावर हलकेच टकटक केलं. कोणी ऐकलं नाही. त्यांनी सावकाश, ठरावीक अंतराने टकटक सुरू ठेवली. आणि नवल म्हणजे बाहेरची इतका वेळ मागेपुढे धावणारी व्हायोलिनं हळूहळू एकमेकांना धरून चालू लागली.

"वा," बाईंचा आवाज आला. "आज सगळ्यांचा ताल बरोबर पडतोय. कोण देतंय ठेका?"

"मी," तपासनीस दाराआडून म्हणाले. "माझी पिशवी."

सगळं थांबलं. बाईंना आठवण झाली. "अगबाई, विसरलेच. अहो, तुमच्या मागच्या खुर्चीवरची ती पिशवी द्या बरं त्यांना."

तपासनिसांनी दार फटीएवढं उघडून हात बाहेर काढला. पिशवी हातात आली, पण देणाऱ्याने ती सोडली नाही. तपासनिसांनी फटीतून पाहिलं. एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातात त्यांची पिशवी धरून पाणीपुरवठ्याचा खिडकीवाला उभा होता. आज खिडकीत तपासनीस होते.

"आपण ते शॉवरचे अर्जदार ना?" खिडकीवाल्याने हळू आवाजात विचारलं.

"हो."

"म्हणजे घरी सोय नाही?"

"घरी सोय असती तर मी इथे असा उभा राहिलो असतो का?"

खिडकीवाल्याने ओले केस पाहिले, टॉवेल पाहिला आणि नजर अदबीने छताकडे वळवली. छतावर पाण्याचा मोठा डाग होता. "हाही आपलाच?"

"माझाच."

"उद्या या," तो पिशवी सोडत म्हणाला. "खुलासा समक्ष पाहिला असं लिहितो."

कपडे घालून तपासनीस बाहेर आले तेव्हा वर्गातले सगळे आपापल्या व्हायोलिनच्या तारा फार लक्ष देऊन बघत होते. तपासनिसांनी मान ताठ ठेवली आणि दारापर्यंत चालत गेले. तिथे त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते वळले आणि म्हणाले, "शेवटी शेवटी बरं वाजत होतं." आणि जिना चढून गेले. वर येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला खांदा धरून खाली बसावं लागलं. तपासनिसांची आधी कानशिलं तापली. मग तिला बऱ्याच दिवसांनी असं हसताना पाहून तेही हसले.

परवानगी मिळाली. प्लंबरने नवा शॉवर भिंतीला लावला, फरशा लावल्या आणि बाईंच्या छतालाही, तपासनिसांच्या देखरेखीखाली, रंग दिला. मग सेक्रेटरी फाईल घेऊन पाहणीला आले.

"चालू करून दाखवा."

"अजून तोंड घट्ट बसवायचंय," प्लंबर म्हणाला.

"मला फक्त चालतो का ते बघायचंय."

प्लंबरने चालू केला. शॉवरचं तोंड सुटलं, नळी भिंतीवरून उसळून सगळीकडे फिरली आणि पाण्याचा लोट थेट सेक्रेटरींच्या छातीवर बसला. ते मागच्या भिंतीला टेकले. पाणी बंद झालं तेव्हा त्यांच्या मिशीतून, चष्म्यातून आणि फाईलमधून निथळत होतं. तपासनिसांना वाटलं, आता नव्याने अर्ज करावा लागणार. पण सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसायला कोरडं काही सापडलं नाही म्हणून तसाच घातला आणि म्हणाले, "जोर चांगला आहे. हरकत नाही."

बायकोने त्याच दुपारी नव्या शॉवरखाली आंघोळ केली आणि पाणी फार छान आहे असं सांगितलं. "आता खाली जाऊन बाईंचे आभार मानून या," ती म्हणाली. "तुम्हीच जा."

तपासनिसांनी नोकरीत शेकडो नोटिसा लिहिल्या होत्या, आभाराचं पत्र एकही नाही. जिना उतरताना त्यांना सुचलं ते असं: आपण दिलेल्या सहकार्याबद्दल हे घर आपलं ऋणी राहील. ते दारात जाईपर्यंत त्यांनाच हास्यास्पद वाटू लागलं. बाईंनी दार उघडलं. आत टेबलावर उद्याच्या सकाळसाठी आत्तापासूनच दोन कप पालथे घालून ठेवलेले दिसत होते.

"बाई," तपासनीस म्हणाले, "तुमचं पाणी फार चांगलं होतं."

बाई हसल्या. "बसला का शॉवर?"

"आज बसला."

"अरे वा. छान झालं," बाई म्हणाल्या. "म्हणजे आता वहिनींना खाली यायचा त्रास नाही. छान झालं."

तपासनिसांनी आयुष्यभर तराजूचे काटे बघितले होते. त्या दुसऱ्या 'छान'मध्ये काय कमी भरलं ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. बाई टेबलाकडे वळल्या आणि दोनातला एक कप उचलून कपाटाकडे निघाल्या.

तपासनिसांनी घसा साफ केला. मापाच्या बाबतीत त्यांनी आजवर कधी खोटं लिहिलं नव्हतं, बोलले नव्हते, कोणाच्या सांगण्यावरून नाही की भिडेखातर नाही.

"नाही, तसं नाही," ते म्हणाले. "बसलाय, पण जोर कमी आहे त्याला. खांद्याला तेवढा पुरणार नाही. तुमची हरकत नसेल तर ही सकाळची खालीच येत जाईल."

बाई कप हातात धरून थांबल्या. वरच्या मजल्यावरून सेक्रेटरी उघडेबंब, वाळायला घातलेल्या शर्टाची बाही झटकत गॅलरीतून कोणाला तरी ओरडून सांगत होते की असा जोर त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही. ते बाईंनीही ऐकलं असावं. त्यांनी कप परत टेबलावर ठेवला.

"माझी कसली हरकत," त्या म्हणाल्या.

तपासनीस वर आले. बायको खिडकीशी केस वाळवत बसली होती.

"सकाळी तू खालीच जा," ते म्हणाले. "आपल्या शॉवरला जोर कमी आहे."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी विजेच्या मीटरकडे बघावं तसं समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"हो," बायको म्हणाली. "मलाही जरा कमीच वाटला." आणि पिशवीत घालायला तिने कोरडा टॉवेल काढला.